रशीदभाईंचा पायरव

नसरीन फोनवर नेहमी मोठ्यानं बोलते. वडिलांना ऐकू जावं म्हणून लहानपणापासून लागलेली सवय. दीड महिन्यापूर्वी एका सकाळी तिचा फोन आला आणि ती अगदी हळू बोलली. "बाई, अब्बा गेले..." शब्द नीट कानावर पडायच्या आधी त्या हळू आवाजावरूनच मला कळलं होतं. पहाटे नमाजाला उठले, हातपाय-तोंड धुऊन वजू केलं, जरा वेळ म्हणून खाटेवर टेकले, ते तसेच गेले.

रशीदभाई कबनूरला यंत्रमागावर काम करायचे. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायची आणि नसरीन माझ्या वर्गात होती. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे चाळिशीतच त्यांचे कान गेले. काही जड, गडगडणारं असलं तर अंधुक पोचायचं. बारीक आवाज अजिबात नाही. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, तेव्हा नसरीनच त्यांना आमच्या कंपूत घेऊन आली. आम्ही पाच-सहा शिक्षक महिन्यातल्या एका रविवारी राधानगरीच्या पुढं दाजीपूरच्या जंगलात जायचो. ऐकू न येणाऱ्या माणसाला तिथं न्यायचं म्हणजे मला धास्तीच वाटली होती.

पहिल्या दिवशी आम्ही धरणाकडच्या वाटेनं निघालो. दाट झाडीतून वळण घेतलं की एकदम खाली धरणाचं पाणी दिसतं, थेट पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं. तिथं रशीदभाई थांबले. तळहात छातीवर ठेवून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, दम लागला. जवळ गेले तर म्हणाले, "बाई, अंगातला माग बंद पडला की." मग वाटेत सांगत राहिले. पाळी संपवून घरी गेलं तरी अंग थरथरत राहतं, झोपेतसुद्धा पायाखालची फरशी हलतेय असं वाटतं. आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थांबलं होतं. त्यानंतर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

आणि त्यांचे डोळे... आम्ही पक्ष्याचा आवाज ऐकून मान वर करेपर्यंत त्यांनी तो पाहिलेला असायचा. शेकरूचं घरटं, पानाच्या रंगाचा सरडा, काठावरच्या ओल्या पट्ट्यांवरून पाणी किती उतरलं ते, सगळं आम्हाला त्यांनी दाखवलं. आपला आवाज आपल्याला कळत नाही, उगीच मोठा निघेल, म्हणून जंगलात ते बोलतच नसत. मागावरची माणसं खडखडाटात हातवाऱ्यांनी बोलतात. त्या खुणा त्यांनी आम्हाला शिकवल्या होत्या. मूठ वर केली की माग बंद.

एका उन्हाळ्यात ते पुढं चालले होते आणि आम्ही मागं परीक्षेच्या पेपरांवरून कुजबुजत होतो. अचानक त्यांची मूठ वर गेली. आम्ही जागच्या जागी थांबलो. समोर करवंदीची जाळी, वारा अजिबात नव्हता, आणि जाळीचं एकच टोक हलत होतं. मग त्यातून गवा बाहेर आला. वीस पावलांवर. काळाभोर, एखाद्या खोलीएवढा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. त्यानं आमच्याकडं पाहिलं. रशीदभाईंनी मूठ खाली घेतली नाही, की नजर हलवली नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. गवा वळला आणि पाण्याच्या दिशेनं उतरून गेला. आम्हा सहा जणांचे बारा कान धड होते आणि आमच्यापैकी कुणाला काही कळलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात नसरीननं हट्टानं त्यांना कानाचं मशीन घ्यायला लावलं. ते लावून पहिल्यांदा आले त्या रविवारी आम्ही दोघंच होतो. झाडीत शिरल्यावर चार पावलांवर ते थांबले आणि मागं वळून पाहिलं. पुन्हा चालले, पुन्हा थांबले.

"बाई, आपल्या मागनं कोण चालतंय?"

मी म्हटलं, कुणी नाही.

त्यांनी खाली पाहिलं. वाटेवर ऐनाचा पाचोळा पडला होता. एक पाऊल टाकलं, थांबले. दुसरं टाकलं.

"ह्यो माझा आवाज हाय व्हय?"

मी मान हलवली. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की ते वाऱ्यासारखे गुपचूप चालतात. आधी ते ओशाळले. "पंधरा वर्सं एवढा दंगा करत आलोय, आन् तुम्ही कुणी बोलला न्हाईसा." मग हळूहळू चेहरा बदलला. वाट सोडून ते झाडाखालच्या दाट पाचोळ्यात गेले आणि चालू लागले. सावकाश, मग भरभर, मग टाचेवर जोर देऊन. साठीचा तो माणूस, हात पाठीमागं बांधलेले, मान एका बाजूला कललेली, झाडाभोवती फेऱ्या घालत होता. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मी त्या वाटेवर कितीदा तरी आले असेन. पाचोळा वाजतो हे मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

पावसाळ्यासाठी वाटा बंद व्हायच्या आधी नसरीनला ती जागा बघायची होती. गेल्या रविवारी तिला घेऊन गेले. मी ते झाड दाखवलं. ती पाचोळ्यात उतरली, दहा-बारा पावलं चालली आणि परत आली.

"एवढाच आवाज, बाई?"

"एवढाच."

ती वळली आणि पुन्हा पाचोळ्यात चालायला गेली.