माधोराव वकिलांचा जादा सवाल

माधोराव वकिलांच्या ओसरीवरून नवा पक्षकार हसत उतरला, असं मेहकरात कुणी कधी पाहिलं नाही. त्यांची रीतच उफराटी होती. माणूस आला की आधी ते विरुद्ध बाजूचे वकील व्हायचे. त्याची हकीकत पुरती ऐकायच्या आतच 'खोटं बोलून राह्यला तू!' म्हणून असे अंगावर जायचे की निम्मे लोक चपला घालून चालते व्हायचे. उरलेल्यांचं ते काम घ्यायचे. 'माह्या शिव्या पचल्या तर कोर्टातल्याही पचतील,' म्हणायचे.

माझ्यावर हे बेतलं ते धाकट्या बहिणीमुळं. आम्ही बीबी गावचे, भाजीपाला पिकवणारे. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरकडून चालायचा. कौतिका पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणं बाळंतपणाला माहेरी आलेली. वेणा अडल्या तेव्हा तिला गाडीत घालून आम्ही एका मोठ्या गावच्या डॉक्टरकडं नेलं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची नातवंडं भली माणसं आहेत. नेमकं त्या दिवशी साहेबलोकांबरोबर शिकारीला जायचं त्याचं ठरलेलं. दारात मोटार उभी, भोंगा सारखा वाजतोय, आणि आतून डॉक्टर ओरडतोय, 'आलो, आलो!' मी बाहेर उभा राहून हे कानांनी ऐकलं. काकी आत कौतीचे खांदे धरून होती. ती म्हणत होती, 'डॉक्टरसाहेब, धीरानं घ्या, येऊन राह्यलं ते.' त्यानं धीर धरला नाही. ओढलं. पोर जगलं, पण त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबतच राहिला. डॉक्टर हात धुऊन मोटारीत बसला. मी त्याचं डोकंच फोडणार होतो, बापानं कमरेला मिठी घातली म्हणून वाचला.

सासरचे आले, पोराचा हात पाहिला आणि पाणीसुद्धा न पिता उठले. सासू उंबऱ्यातूनच म्हणाली, 'आमच्या कुळात असं लेकरू नाई झालं. पोरीनंच काहीतरी करून ठेवलं.' पुढं कानावर आलं की जावयाला दुसरी बायको पाहताहेत. कौती ऐकून गप्प. मला वाटलं, दुःखानं गप्प आहे.

माधोरावांनी मलाही फाडलं. 'भोंगा वाजला म्हणून हात मोडला? मग मोटारवाल्यावर दावा लाव नं बे!' मी उठलो नाही. उलट ओरडलो. ते हसले, पानाचा डबा पुढं केला आणि मग शांतपणे सांगू लागले.

'तीन वाटा आहेत, बाबू. फौजदारी करशील तर डॉक्टरले शिक्षा होईल, पोराच्या हातात काही येणार नाही. डॉक्टर लोकायची नावं जिथं नोंदवतात तिथं अर्ज करशील, तर त्याची खरडपट्टी निघेल, तेवढंच. तिसरी दिवाणी. नुकसानभरपाईचा दावा. तो मात्र तुहा नाही, तुह्या बहिणीचाही नाही. तो पोराचा. हात त्याचा गेला. तो जाणता होईपर्यंत कायदा त्याच्यासाठी थांबतो, पण साक्षीदार थांबत नाही. तुही काकी आज सांगते ते उद्या सांगाले असेल का?'

'दिवाणी करा,' मी म्हणालो.

'वादीचं नाव?'

'नाव नाही ठेवलं अजून,' मी म्हणालो. पोराचं बारसं झालंच नव्हतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या सासरची. ती कशाला येते? कौतीही विषय काढू द्यायची नाही. माधोराव एकदम भडकले. 'कायद्याच्या दारात लेकरू उभं केलं आन् त्याले नाव नाही? काऊन, हात लुळा म्हणून?' त्यांनी आतून आपल्या विधवा बहिणीला हाक मारली. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या ओसरीवर पाळणा बांधला. त्यांची बहीण आत्या झाली आणि पोराच्या कानात 'हरी' म्हणाली. अशा कामाला विधवा बाई पुढं करायची म्हणजे गावानं तोंडात बोटं घातली. माधोराव म्हणाले, 'तोंडात बोटं राहू द्या, म्हणजे बडबड कमी होते.' मग दाव्यात लिहिलं गेलं, अज्ञान वादी हरी, तर्फे मामा. तो मामा मी.

साक्षीच्या आधी त्यांनी कौतीला समोर बसवलं आणि डॉक्टरचे वकील होऊन तिला रडवलं. आमच्या बापाच्यानं बघवेना, तो उठून बाहेर गेला. शेवटी माधोराव आवाज उतरवून म्हणाले, 'पोरी, काही दडवलं असशील तर आत्ता बोल. तिथं पिंजऱ्यात तू एकटी असशील.' कौतीनं मान हलवली. काही नाही म्हणाली.

काही नाही कसलं! कोर्टात डॉक्टरचा वकील उठला आणि त्यानं पहिलाच प्रश्न टाकला, 'पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं, तेव्हा तू काय करत होतीस?'

मागच्या बाकावर कौतीची सासू आणि नवरा बसलेले मी तेव्हा पाहिले. डॉक्टरच्या बाजूला! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कौतीनं माधोरावांकडं पाहिलं. ते कागदच चाळत बसले. ती तेव्हा सासरी होती आणि ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी लोणारचा बाजार होता, हे मला मागाहून कळलं. खुडलेली मेथी सुकत होती. सासू आत देवाचं नाव घेत बसलेली, आणि ही वेडी अंगणात विळ्यानं जुड्यांची मुळं छाटत बसली.

'सांग, चिरलं होतं की नाही?'

'हाव,' कौती म्हणाली. 'चिरलं. माह्यानंच झालं ते.'

सगळं कोर्ट कुजबुजलं. सासूनं पदर तोंडाशी नेला, पण डोळे मोठे खूश होते. एवढे महिने ही पोर हे उरावर घेऊन जगत होती आणि मला, सख्ख्या भावाला, त्याचा पत्ता नाही! वर न्यायाधीश होते तेही सोवळेवाले. ग्रहणात पाण्याचा थेंब न घेणारे म्हणून गावभर प्रसिद्ध. त्यांनी चष्म्यावरून कौतीकडं पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. त्या लिहिण्याची मला जी भीती वाटली, ती अजून अंगावर येते. बाहेर आल्यावर मी कौतीवर ओरडणार, तोच माधोरावांनी माझं मनगट धरलं. 'चूप. खरं बोलली ते. आता आपली पाळी.'

पुढच्या तारखेला डॉक्टर पिंजऱ्यात उभा राहिला. कडक इस्त्रीचा कोट, हातात हॅट. माधोराव सावकाश उठले. नेहमीची आरडाओरड नाही की काही नाही.

'दारात मोटार होती?'

'होती.'

'भोंगा वाजत होता?'

'वाजत असेल.'

'बाळाच्या मानेवर, खांद्यावर सूज होती?'

'होती थोडी.'

'पोटातलंच व्यंग असतं, तर जन्मल्याबरोबर तिथं ताजी सूज असती?'

डॉक्टर रुमालानं मान पुसू लागला. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला सांगितलं. 'नसती,' डॉक्टर म्हणाला.

मी बापाचा हात दाबला. आता मला एवढंच हवं होतं की माधोरावांनी खाली बसावं. पण ते बसेनात.

'डॉक्टरसाहेब, एकच सवाल उरला. गरोदर बाईनं ग्रहणात मेथी छाटली तर पोराचा हात जातो का?'

अरे देवा! जिंकलेला डाव हा माणूस पुन्हा मांडून बसला! डॉक्टरनं 'सांगता येत नाही' एवढं जरी म्हटलं असतं, तरी ते सोवळे न्यायाधीश तेवढंच उचलून धरणार होते. डॉक्टरचा वकील तर अर्धा उठून त्याला डोळ्यांनी खुणावत होता. डॉक्टरनं आपल्या वकिलाकडं पाहिलं, कौतीकडं पाहिलं, हातातल्या हॅटकडं पाहिलं. एवढं शिकून आलेला माणूस, चारचौघांत काय म्हणेल? माधोराव हलले नाहीत.

'नाही,' डॉक्टर पडक्या आवाजात म्हणाला. 'ग्रहणानं काही होत नाही.'

'नीट सांगा. त्या बाईले ऐकू जाईल असं.'

'नाही होत.'

माधोराव खाली बसले. माझ्या शेजारी कौती तोंडात पदर कोंबून हमसून हमसून रडायला लागली. काकीनं तिला उचलूनच बाहेर नेलं.

दावा हरीच्या बाजूनं लागला. निकालानंतर जावई एकटाच आला, खाली मान घालून. कौती लगेच गेली नाही. 'आईले घेऊन या, मंग पाहू,' म्हणाली. सासूला यावं लागलं. कौती असं बोलू शकते, हे आम्हालाच नवं होतं.

मी मात्र माधोरावांवर धुमसत होतो. ते आजारी पडले तेव्हा कौती, हरी आणि मी भेटायला गेलो. हरी तोवर शाळेत जाऊ लागला होता, डाव्या हातानं लिहायचा. बोलणं कोर्टावर आलं तेव्हा मी मनातलं बोलून टाकलं. 'साहेब, तो शेवटचा सवाल काऊन विचारला हो? सुजेवरच दावा आपला झाला होता. सारं हातचं गेलं असतं!'

'गेलं असतं,' ते म्हणाले. आवाज पार खोल गेलेला. 'रात्रभर झोपलो नव्हतो मी. तुले काय वाटलं, मले कळत नव्हतं?'

'मंग?'

त्यांनी मान वळवून कौतीकडं पाहिलं. 'दावा पोराचा होता, तो मिळाला असता. पण ही पिंजऱ्यातून उतरली तेव्हा हिचा चेहरा तू पाह्यला नाही, मी पाह्यला. आपण लाख सांगितलं असतं, हिनं मानलं नसतं. ज्यानं ओढलं, त्याच्याच तोंडून हिले ऐकवायचं होतं. तो सवाल हिच्यासाठी होता.'

कौतीनं हरीला पुढं घेतलं, त्याचा लुळा हात आपल्या हातानं उचलला आणि माधोरावांच्या पायावर ठेवला.