टाकीच्या तोंडाशी

"उतर," विश्वजीत म्हणाला.

मी म्हणाले, "नाही."

"तुझा बाप उतरतोय की. तुला काय धाड भरली?"

सकाळचे अकरा वाजले होते. कारेगावात, बावीस खोल्यांच्या एका चाळीमागे, सेप्टिक टाकीचं झाकण काढून ठेवलेलं. भोवती आम्ही आठ विद्यार्थी. सगळ्यांच्या अंगात विद्यापीठाने दिलेली हिरवी जॅकेटं. पाठीवर छापलेलं : उद्याच्या शहरांचे नेते. चार पावलं मागे आमचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या मॅडम.

विश्वजीतने माझी मान मागून धरली. दुसऱ्या हाताने वेणी. पाठीत गुडघा घातला. मी खाली आले. टाकीचं तोंड दोन फूट बाय दोन फूट. माझं डोकं आणि उजवा खांदा आत गेला.

पहिल्या श्वासाला सडक्या अंड्यांचा वास आला. दुसऱ्या श्वासाला कसलाच वास आला नाही.

पप्पा सांगायचे, "वास येतोय तवर भ्यायचं न्हाई. वास यायचा थांबला की पळायचं."

मला पळता येत नव्हतं. खाली ढकलताना त्याचा हात वेणीवरून घसरून माझ्या गालावर आला. मी तोंड वळवलं आणि चावले. अंगठ्याच्या मुळाशी. दात हाडाला लागले. त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं. तो ओरडला. मान सोडली नाही.

मग कोणीतरी माझे दोन्ही पाय धरून मागे ओढलं. "छोड़ो! मर जाएगी!" ही सुनीतादीदी. चाळीतल्या पहिल्या खोलीत राहणारी, बिहारची. तिचा नवरा रांजणगावच्या कारखान्यात कामाला. ओढताना माझी हनुवटी काँक्रीटवर घासली. फाटली. मी बाहेर पडले तेव्हा विश्वजीतने बरगडीत लाथ घातली. एक. मग दुसरी.

सहा विद्यार्थी उभे होते. सहाही जण उभेच राहिले.

मॅडम बोलल्या. "गाइज, प्लीज. लोक बघतायत."

अभ्यासक्रमाचं नाव होतं शाश्वत शहरांसाठी नेतृत्व. पुण्यातल्या एका विद्यापीठाचा, एक वर्षाचा. शेवटी सहा आठवडे युरोपातल्या एका विद्यापीठात. प्रत्येक गटातून दोघांची निवड. गटप्रमुख, आणि मॅडम ठरवतील तो एक. ती दुसरी जागा मला मिळणार, असं मॅडमनी दिवाळीनंतर सांगितलं होतं. मुलाखतीच्या दिवसापासून त्या मला 'तळागाळातला आवाज' म्हणत. पाहुण्यांशी ओळख करून देतानासुद्धा.

विश्वजीत न्हावऱ्याचा. घरचा ऊस, मोठा गोठा, वडिलांचा सहकारात दबदबा. कारेगावात त्यांच्या तीन चाळी. आमच्या गटाचा विषय होता कामगार वस्तीतलं सांडपाणी. चाळी त्याच्या, म्हणून प्रमुखही तो. मॅडमनी कारण दिलं, "प्रवेश सोपा होतो."

मी दौंडची. पप्पा ठेकेदाराकडे टाक्या उपसतात. तीस वर्षं झाली. आजोबांनी शिरूरच्या मिशनच्या आवारात बाप्तिस्मा घेतला. आम्ही तीन पिढ्या ख्रिश्चन. रविवारी पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चला जातात. सोमवारी बादली. विश्वजीतला हे दोन्ही ठाऊक होतं. तो मला 'बिशपीणबाई' म्हणायचा. गट हसायचा. सुरुवातीला मीही हसले. ते लिहून ठेवते.

टाकीतला गाळ मोजायची एक रीत पप्पांची आहे. उंच बांबूला पांढरं धोतर गुंडाळायचं. तळाला टेकेपर्यंत सोडायचा. दहा मिनिटं थांबायचं. हळू वर काढायचा. गाळ जिथवर, तिथवर कापड काळं. माणसाने आत जायची गरज नाही. मी ही रीत गटाला सांगितली. पंधरा दिवसांनी युरोपातल्या प्राध्यापकांसमोर व्हिडिओ कॉलवर ती दाखवली गेली. बोलला विश्वजीत. स्लाइडवर नाव विश्वजीतचं. पलीकडून टाळ्या आल्या. मॅडम मला म्हणाल्या, "टीमवर्क आहे हे. मनाला लावून घेऊ नकोस."

मी तिन्ही चाळींत मिळून चाळीस घरांत फिरून प्रश्नावली भरली होती. एक प्रश्न मी माझा घातला. टाकी भरली की कोण उपसतं? सगळ्यांनी एकच सांगितलं. दरवर्षी दिवाळीच्या आधी दोन माणसं येतात. मालकाचा माणूस त्यांना आधी दारू पाजतो. मग ती आत उतरतात. हे पान अहवालातून काढलं गेलं. मॅडमचं म्हणणं, त्या पानाने अहवालाचा सूर नकारात्मक होतो. मी मूळ प्रश्नावल्या घरी नेऊन ठेवल्या.

त्या सकाळी आमच्याकडे बांबू नव्हता. परदेशी विद्यापीठाने खोली मोजायचं यंत्र पाठवलं होतं. मुठीएवढं, पिवळं. ते दोरीने आत सोडायचं. पप्पांचा एक नियम आहे. टाकीत जे सोडायचं, त्याचं दुसरं टोक आधी वर कशाला तरी बांधायचं. मगच हात लावायचा. टाक्या उपसणारी सगळी माणसं हे पाळतात. मी तसं म्हणाले.

"ए बिशपीणबाई, शिकवू नको."

त्याने दोरी एका हातात धरली. दुसऱ्या हाताचा अंगठा फोटोसाठी वर केला. फोटो निघाला. दोरी सुटली. यंत्र आत गेलं.

मॅडम म्हणाल्या, "ते आपलं नाहीये. परत द्यायचंय." आणि गटाकडे पाहिलं. गटाने माझ्याकडे पाहिलं. आठजणांत पोहता येणारे तिघे होते, एक गिर्यारोहक होता. कोणाची नजर त्यांच्याकडे गेली नाही.

तेव्हा विश्वजीत म्हणाला, "उतर."

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात हनुवटीला पाच टाके पडले. एक बरगडी मोडली होती. संध्याकाळपर्यंत उलट्या. डॉक्टरांनी विचारलं, "कशानं?" मी सांगितलं. त्यांनी लिहिलं.

त्याच संध्याकाळी सुनीतादीदीची खोली रिकामी केली गेली. चार माणसं आली. भांडी, सिलेंडर, मुलांची दप्तरं रस्त्यावर. नवरा आडवा आला तर त्याच्या कानशिलात मारली. एका कानाने त्याला आठवडाभर ऐकू आलं नाही. ती मुलांना घेऊन तळेगाव ढमढेऱ्याला भावाकडे गेली. मी फोनवर माफी मागितली. ती चिडली. "तुम काहे माफी माँगती हो? तुमने फेंका क्या मेरा सामान?"

तिसऱ्या दिवशी मॅडम दौंडला आल्या. स्टेशनच्या पलीकडे आमच्या दोन खोल्या. त्यांनी एक टाइप केलेला कागद काढला. इंग्रजीतला. मी पप्पांना मराठीत वाचून दाखवला. 'माझा पाय घसरला. गटप्रमुखाने प्रसंगावधान राखून मला बाहेर काढलं. त्यात त्याच्या हाताला इजा झाली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

मॅडम म्हणाल्या, "सही केलीस की तुझी जागा पक्की. तिकडे जाऊन तू याच विषयावर बोलू शकतेस. तुझ्यासारख्या मुलींना अशी संधी परत मिळत नाही."

पप्पा म्हणाले, "कर सही, बाय. जा तिकडं. हितं काय हाय?"

मला जायचं होतं. हेही लिहून ठेवते. पासपोर्टचा अर्ज भरलेला होता. त्या शहराचा नकाशा मला पाठ होता. कुठली ट्राम कुठे जाते, सांडपाणी शुद्ध करून कुठल्या नदीत सोडतात. मी पेन हातात घेतलं. टोपण काढलं.

पप्पा माझ्या हनुवटीकडे बघत होते. तीन दिवसांत त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. आता विचारलं, "मानंला धरलं हुतं?"

"व्हय."

"मागनं?"

"व्हय."

मॅडमनी मोबाइल पाहिला. मग पप्पा म्हणाले, "मला कवाच कुनी धरलं न्हाई. तीस वर्षं. नुसतं बोट दाखवायचे. मी जायचो." त्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "तुला धरावं लागलं."

मी टोपण लावलं. कागद मॅडमच्या हातात दिला. "हे खोटं आहे."

"शांतपणे विचार कर."

"केला."

त्या उठल्या. दारात वळून पप्पांना म्हणाल्या, "तुम्ही तरी समजवा हिला." पप्पांनी त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या. सवय. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात मागे घेतला.

पोलीस ठाण्यात आम्ही दोघं गेलो. अंमलदाराने नाव, गाव, वय लिहिलं. "जात?"

मी सांगितली.

"दाखल्यावर काय हाय?"

"ख्रिश्चन."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग अट्रॉसिटी लागत न्हाई, ताई. तुमाला जात न्हाई."

मागच्या बाकावर विश्वजीत बसला होता. हाताला पट्टी. सोबत चुलता आणि वकील. तो हसला. "देव बदलला, तसा कायदा बी बदलतो, बिशपीणबाई."

टाकीच्या तोंडाशी त्याला माझी जात दिसली होती. ठाण्यात आल्यावर ती नाहीशी झाली.

अंमलदार म्हणाला, साधी मारामारी आहे, अदखलपात्र नोंद घेतो. मी पिशवीतून एक कागद काढला. माणसाला गटारात, टाकीत उतरवायला बंदी घालणारा कायदा. अभ्यासक्रमात तो एका पानात होता, परीक्षेला पाच गुणांसाठी. मी तो मुळातून वाचला होता. तो कायदा उतरणाऱ्याची जात विचारत नाही. धर्म विचारत नाही. उतरवणारा कोण, एवढंच विचारतो. मी चाळीस प्रश्नावल्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांचा कागद ठेवला. म्हणाले, मान धरून विषारी वायूत डोकं दाबणं हा जिवे मारण्याचा प्रयत्न आहे, तेही लिहा. तो म्हणाला, साहेब आल्यावर बघू. साहेब सहा तासांनी आले. आम्ही बाकावरून उठलो नाही.

दुपारी सुनीतादीदी एसटीने आली. कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाली, "मेरा भी लिखो. पहले टंकी का, फिर सामान का."

संध्याकाळी गुन्हा दाखल झाला. रात्रीच्या आत विश्वजीतच्या तक्रारीवरून माझ्यावरही. चावा घेऊन गंभीर दुखापत केली.

विद्यापीठाच्या समितीने लिहिलं, 'दोन विद्यार्थ्यांमधील झटापट.' आम्हा दोघांची नावं काढली, गट सहाजणांचा झाला. युरोपला दुसरीच दोघं गेली. माझ्या पासपोर्टच्या चौकशीत शेरा पडला : गुन्हा प्रलंबित. विश्वजीतच्या वकिलाने फोन केला. "दोन्ही बाजू मागे घेऊ. तुमचा पासपोर्ट महिन्यात मोकळा होतोय. पोरीचं आयुष्य हाय." मी विचारलं, कुठल्या पोरीचं? त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी पप्पा कामावरून सायकलने येत होते. मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांना अडवलं. लोखंडी पाइप. डावा हात दोन ठिकाणी मोडला. मारताना एकच बोलले, "पोरीला आवर." पप्पांनी जबाबात तेवढंच सांगितलं. आणि मोटारसायकलचा नंबर. तो त्यांनी खाली पडल्या पडल्या पाठ केला होता.

दवाखान्यात आमच्या चर्चचे पाळक आले. प्रार्थना केली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "लेकरा, क्षमा कर. आपली शिकवण तीच आहे."

मी विचारलं, "त्याने मागितली?"

"मागायची वाट बघत नसतात."

मी ख्रिश्चन आहे, म्हणून कायद्याने मला जात नाही. मी ख्रिश्चन आहे, म्हणून मी क्षमा करायची. दोन्हीकडून तो सुटतो. मी पाळकांना हे इतकंच म्हणाले. पप्पा पलंगावरून म्हणाले, "पाळकसाहेब, तुमी माझ्यासाठी प्रार्थना करा. तिला तिचं काम हाय."

आता तारखा पडतात. मी एकही चुकवलेली नाही. माझ्यावरच्या गुन्ह्यात न्यायाधीश विचारतील, चावलीस का? मी हो म्हणणार. पाय घसरला नव्हता, झटापट नव्हती, मी चावले आणि जाणूनबुजून चावले. शिक्षा झाली तर भोगेन. तडजोडीच्या कागदावर सही करणार नाही. आज नाही, बरगडी दुखेल त्या दिवशी नाही, पप्पांचा दुसरा हात मोडला तरी नाही. हे पप्पांना विचारून लिहिते आहे.

मला त्याची माफी नको. तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा हवा आहे. माझा जबाब त्याने उभ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकायचा आहे. तोवर मी कुठल्याही देशात जाणार नाही.