पेठकरांचा पंखा

राजुरीच्या घाटावर, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, बैलगाडा शर्यत होती. तिथं माइकवर बोलणारा तो निवेदक मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. डिंभ्याच्या मुलींच्या वसतिगृहाला पंखे हवे होते. उन्हाळ्यात पत्र्याखाली पोरी भाजून निघायच्या. लोकांना आवाहन करायला मी त्याच्याकडे दोन मिनिटं मागितली आणि लिहून आणलेलं भाषण बाहेर काढलं.

त्यानं कागद न वाचताच परत माझ्या खिशात कोंबला. "पावणं, भाषण ऐकून कुणी देत न्हाई. शेजारच्या गावानं दिलं म्हणलं की देत्यात."

मग माइकला गुंडाळलेल्या रुमालावर टिचकी मारून तो गरजला, "डिंभ्याच्या लेकींसाठी पेठकरांकडून एक पंखा!"

शेजारच्या गावच्या ह्या पेठकरांनी पंखा सोडा, शब्दही दिला नव्हता. त्यांच्यातले दोघं तरातरा मंचाकडे आले. आता मार बसणार म्हणून मी खांबाआड सरकलो.

"एकच कुणी सांगितला राव?" एकजण ओरडला. "गावाची लाज काढता काय? तीन म्हणा!"

हे ऐकून राजुरीकर चारवर गेले. मग काय, चढाओढच लागली.

निघताना मी म्हणालो, "भाऊ, तुम्ही चक्क खोटं बोललात की!"

"खोटं कुठं? जरा आधी बोललो," त्यानं डोळा मिचकावला आणि माइक तोंडाशी नेला. "आता ह्या मागायला आलेल्या पावण्यांकडून एक पंखा!"

सगळा घाट माझ्याकडे वळला. एक पंखा मला फारच कमी वाटायला लागला. मी दोन बोटं वर केली.