पंधराव्या मिनिटाची रेष

दवाखान्यात सगळे तिला मिनिटबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. रक्ततपासणीच्या खोलीत बावीस वर्षं काढल्यावर तिला त्याचं काही वाटत नाही. बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीच्या खाचेत सोडायचा, वर औषधाचे दोन थेंब टाकायचे आणि पंधरा मिनिटांनी बघायचं. एकच रेष आली तर पट्टी चांगली आणि काळजी नाही. दोन आल्या तर सिफिलिस, म्हणजे गुप्तरोग. वीस मिनिटांनंतर जे दिसेल ते धरायचं नाही.

बाकीचे तेवढ्यात चहा उरकतात. ही पट्टीवर वाकून बसते. रक्त कागदावरून कसं सरकतं, कुठे रेंगाळतं, हे बघायचा तिला अजून कंटाळा आलेला नाही.

"सिनेमा लागलाय का तिथे?" नर्स विचारते.

"शेवट माहीत नसतो ना," ही म्हणते.

एका सकाळी चौथा महिना लागलेली एक सून सासूबरोबर आली. मिनिटबाईने तिचं रक्त पट्टीवर घेतलं आणि तेवढ्यात बाहेर रांगेत एक म्हातारा चक्कर येऊन पडला. त्याला सावरून ती परतली तेव्हा सत्तावीस मिनिटं झाली होती. पट्टीवर दुसऱ्या जागी पुसटशी रेष होती.

"आहे म्हणून लिही. इंजेक्शन देऊन मोकळे होऊ," नर्स म्हणाली.

"आणि नसेल तर? ही घरी काय तोंड दाखवेल?"

"मग नाही म्हणून लिही."

"आणि असेल तर? पोटातल्याचं काय?"

"तुझ्यापुढे डोकं फोडून घ्यावं."

मिनिटबाई बाहेर गेली. "पुन्हा टोचावं लागेल."

"का? काय निघालं?" सासूने मान वर केली.

"काही नाही. माझी चूक झाली. वेळेवर बघितलं नाही."

"बघायचाच पगार घेता ना?"

"हो, म्हणून तर पुन्हा बघते."

सुनेला एकटीला आत घेऊन तिने दार लावलं. या खेपेला दोघी पट्टीवर वाकल्या.

"ही रेष कसली?"

"पट्टी नीट चालतेय, एवढंच सांगते ती."

"आणि इथे आली तर?"

"आली तर बोलू."

बाराव्या मिनिटाला तिथे लालसर काहीतरी उमटायला लागलं. पंधराव्याला रेष स्पष्ट होती.

"बोला आता," सून म्हणाली.

"हा आजार संबंधातून येतो. पूर्वी कधी यावर उपचार घेतलेस?"

"नाही. आणि मी कुठे..."

"ते तुला कुणी विचारलंय का? इंजेक्शनने बरा होतो. नाही घेतलं तर बाळाला होऊ शकतो."

"आज घेतलं तर?"

"बाळ बहुतेक सुटतं. पण नवऱ्यालाही तपासायला हवं. नाहीतर आम्ही तुला बरं करायचं आणि तुला पुन्हा व्हायचं."

सुनेने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "इंजेक्शन द्या. त्यांच्या नावाची चिठ्ठीही द्या. पण काय झालंय ते त्यांना तुम्ही सांगायचं."

पेनिसिलिन सोसतं का, हे विचारून नर्सने इंजेक्शन दिलं. सून कंबर धरून बाहेर आली.

"काय म्हणाल्या?" सासूने विचारलं.

"उद्या ह्यांना बोलावलंय."

"त्याला कशाला? पोटुशी तू आहेस."

"ते ह्यांनाच कळेल उद्या," सून म्हणाली आणि चिठ्ठी पदरात बांधून पुढे चालू लागली.