माझा रंगरोधक लेप

त्या रंगपंचमीला आमच्या घरातल्या कोणावरही रंगाचा एक थेंब पडला नाही. तरीसुद्धा मुलीचा साखरपुडा मोडायची वेळ आली आणि याचं संपूर्ण श्रेय माझं आहे.

साखरपुडा दुसऱ्याच दिवशी होता. त्यात मृणालला, म्हणजे आमच्या कन्येला, लग्नाआधीची शेवटची रंगपंचमी खेळायची हौस. सुलभा, म्हणजे तिची आई, ठाम होती. "उद्या फोटो आहेत. हिरवी नवरी नकोय मला."

"अगं, त्वचेचं एक शास्त्र असतं," मी म्हणालो. (मी निवृत्त आहे. निवृत्त माणसाला सगळी शास्त्रं येतात.) "चेहऱ्याला लेप, केसांना एरंडेल. रंग वरच्या वर राहतो. माझी गॅरंटी!"

"तुमच्या गॅरंटीवरच आपण धायरीत फ्लॅट घेतला. पाणी चोवीस तास म्हणाला होतात."

असल्या टोमण्यांनी मी खचत नाही. लेपाची कृती मोबाईलवर पाहिली होती: खोबरेल, बेसन आणि डाग न पाडणारी कस्तुरी हळद. आता कस्तुरी हळदीसाठी मंडई गाठायची म्हणजे सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस घालवायचा! शेवटी हळद ती हळद. स्वयंपाकघरात सुलभानं सांगलीहून मागवलेली, वर्षाच्या मसाल्याबरोबर दळून आणलेली हळद होतीच. ती मी सढळ हातानं ओतली.

"बाबा, हे जरा टू मच यलो वाटतंय," मृणाल आरशात बघत म्हणाली.

"वाटणारच! काम करतंय ते!" असं म्हणून मी माझ्याही तोंडाला चांगला जाड थर दिला. टकलाला एरंडेल चोपडलं, तत्त्व म्हणून.

खाली पार्किंगमध्ये शुकशुकाट! वॉचमन आमच्याकडे बघतच राहिला. "सायेब, रंग तर धुळवडीलाच झाला की. आज समदी हापिसात हायत." मग जरा जवळ येऊन हळूच विचारलं, "काविळीचं औषध हाय का हे?"

(धुळवडीला सोसायटी खेळली हे मी खिडकीतून पाहिलं होतं. पण पुण्यात रंग रंगपंचमीला खेळतात! लोक आपली चूक सुधारतील, असा माझा विश्वास होता.) त्या विश्वासावर आम्ही बापलेक टळटळीत उन्हात तासभर उभे राहिलो. लेप वाळून कडक झाला. हसायचीही सोय उरली नाही.

वर येऊन लेप खरवडला, तर खाली चेहरा पिवळाधमक! मी म्हणालो, "साबण लाव, जाईल." साबण लावला, तर गाल लालभडक झाले.

"हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो," सुलभा दारातून शांतपणे म्हणाली. "जन्मात एकदा कपडे धुतले असतेत तर कळलं असतं."

मग लिंबू चोळलं. मृणाल पुन्हा पिवळी झाली. मी म्हणालो, "बघ, सुधारणा आहे!" आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात अमरावतीच्या आमच्या होणाऱ्या विहीणबाई, हातात साखरपुड्याची साडी, आणि मागे जावईबापू आदित्य. विहीणबाईंनी मृणालकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. साडीची पिशवी तशीच छातीशी धरली.

"हे काय जी? हळद उरकून टाकली? आम्हाले न बोलावता?"

"छे छे, अहो..."

"आधी नवरदेवाले हळद लागते, मग त्याची उष्टी हळद नवरीकडे येते. तुमच्या पुण्यात उलटं असते काय? की आमचा मान ठेवायचाच नाही? चल रे आदित्य!"

मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. एकही शास्त्र आठवेना! शेवटी त्यांना जिन्यात गाठून मी मोबाईल, मंडई, सांगली, सगळं घडाघडा सांगून टाकलं.

विहीणबाई थांबल्या. "म्हणजे रंग लागू नये म्हणून तुम्हीच पोरीले रंगवलं?"

"थोडक्यात... हो."

आदित्यनं विचारलं, "बाबा, लेप उरलाय का थोडा?" उत्तराची वाट न बघता तो आत शिरला, वाडग्यात हात घातला आणि दोन्ही गालांना लेप फासून मोकळा झाला! "आई, आता मलाही लागली. मिटलं?"

"अरे मेल्या, उद्या फोटो हायेत!" त्याच्या मागोमाग आत आलेल्या विहीणबाई ओरडल्या, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की सोफ्यावर बसावंच लागलं. मृणाल तर रडता रडता हसत होती.

साखरपुडा झाला. दोघंही पिवळे, पण एकाच छटेचे. जाताना विहीणबाईंनी एकच अट घातली. "लग्नाची हळद आमच्याकडून येईल. तुम्ही नुसत्या अक्षता टाका जी. त्याही लांबून."

"आणि अक्षता रंगवायला यांना देऊ नका," सुलभा म्हणाली.

दोन्ही घरांचं पहिलं एकमत झालं ते हे.