गुप्तेसाहेबांची एप्रिलची तयारी

फेब्रुवारी लागला की विश्वास गुप्ते यांच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसे. जमिनीवर जुने पेपर पसरलेले आणि त्यांवर बूट, लोकरीचे शर्ट, दुर्बीण, होकायंत्र, सुरी, दोर, मेणात बुडवलेल्या काड्यांची पेटी. सगळं ओळीने. जहाजाचं इंजिन उघडलं की भाग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडायचे, ही चीफ इंजिनिअरची शिस्त त्यांनी किनाऱ्यावरच्या नोकरीतही सोडली नव्हती. कुणी चुकून एखादी वस्तू सरकवली तर ते अशा नजरेने बघत, की पाहुणा चहा न घेताच उठे.

ही तयारी हरणाच्या शिकारीची. चौऱ्याहत्तर साली त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी न्यूझीलंडच्या एका बंदरात सहा आठवडे अडकलं होतं. तिथल्या एका मित्राने त्यांना डोंगरात नेलं आणि हे खूळ जे लागलं ते लागलंच. एप्रिलमध्ये तिथली लाल हरणं माजावर येतात, नर डोंगरभर ओरडत फिरतात, तो मोसम. बंदूक मित्राकडे, बाकीचं सामान सिंगापुरातल्या घरी. वीस वर्षांत हरणं मिळाली तीन, पण तयारी मात्र दर वर्षी तीनशेंची.

मी परेश, त्यांच्या ऑफिसातला ज्युनिअर. ईस्ट कोस्टजवळ त्यांच्याच ब्लॉकमध्ये चार मजले खाली राहायचो, त्यामुळे या तयारीतून माझी सुटका नव्हती. रोज सकाळी साहेब पाठीवर वीस किलो तांदूळ घेऊन सोळा मजले जिना चढत आणि मी मागून रिकाम्या हातांनी धापा टाकत जाई. जिन्यात भेटणारी चिनी आंटी दर वर्षी विचारायची, "अंकल, लिफ्ट स्पॉइल आह?" साहेब गंभीरपणे सांगत, "येस आंटी, टिल एप्रिल."

त्यांच्या पत्नीला, सरोजिनीवहिनींना, शिकार मुळीच मान्य नव्हती. "त्या मुक्या जिवांनी तुमचं काय घोडं मारलंय?" इथून भांडण सुरू व्हायचं. शिकारीच्या कपड्यांना त्या हात लावत नसत. साहेब ते स्वतःच धुण्याच्या सोड्यात धुवायचे, कारण साबणाचा वास हरणाला लांबून येतो. कपडे वाळत पडले की वहिनी मुद्दाम शेजारी उदबत्ती लावत. "लागू दे वास. हरणं तरी वाचतील." मग साहेब चरफडत कपडे पुन्हा धूत. या भांडणाशिवाय त्या घरातला फेब्रुवारी सरत नसे आणि खरं सांगायचं तर दोघांनाही ते हवंच असायचं.

शहाण्णवच्या जानेवारीत साहेबांना दम लागू लागला. तपासण्या झाल्या. वहिनींनी डॉक्टरांना आधीच गाठून हात जोडले होते, म्हणून साहेबांना फुप्फुसात पाणी झालंय एवढंच सांगण्यात आलं. कॅन्सर पसरलाय, दोन-तीन महिने, हे फक्त वहिनींना.

त्याच संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. "परेश, त्यांना कळता कामा नये. कळलं तर त्याच दिवशी हाय खातील. एप्रिलची तयारी करू दे, तेवढाच हुरूप."

आपल्याकडे असंच करतात. माझ्या आजोबांच्या वेळीही घरच्यांनी असंच केलं होतं आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी हो म्हणालो. आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तांदळाची पिशवी भरायचं काम मी माझ्याकडे घेतलं. वीस किलोंचे पंधरा केले, पंधराचे दहा. साहेब चढत होते, दर दोन मजल्यांवर थांबत होते, पण वजनाबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मी स्वतःच्या हुशारीवर खूश. वहिनींनी तर कमाल केली. लोकरीचे शर्ट त्यांनी स्वतः सोड्यात धुतले, दोरीवर घातले आणि ते वाळेपर्यंत देवापुढेसुद्धा उदबत्ती लावली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात साहेब पाचव्या मजल्यावर पायरीवर बसले ते उठेचनात. श्वास जरा बसल्यावर म्हणाले, "परेश, जन्म गेला माझा वजनं उचलण्यात. दहा किलो आणि वीस किलो यातला फरक मला कळणार नाही?"

मी त्यांच्या पाठीवरची पिशवी काढून घेतली.

"तांदूळ कमी झाले तेव्हा संशय आला. म्हटलं, तू लेकाचा उगाच काळजी करतोयस. पण परवा तिने शर्ट धुतले. भांडली नाही. उदबत्ती लावली नाही. तेव्हा समजलो, की माझं आटपलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भीती वाटते रे. घरात बोलायची सोय नाही."

"वहिनींशी बोला ना, साहेब."

"नको. मला काही माहीत नाही, एवढ्याच आधारावर ती उभी आहे. तो काढून घेतला तर कोसळेल. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. शपथ आहे तुला."

मी पुन्हा हो म्हणालो. म्हणजे आता दोघांची गुपितं माझ्याकडे, आणि ती दोघं एकाच फ्लॅटमध्ये समोरासमोर बसून बूट, दोर आणि हवामान यांवर बोलत होती. साहेब यादी वाचायचे, वहिनी एकेक वस्तू पिशवीत ठेवायच्या. "हातमोजे घेतले?" "घेतले. जास्तीचेही घेतले." दोघांचेही आवाज अगदी छान. मी समोर चहाचा कप धरून बसायचो आणि कधी एकदा निघतो असं व्हायचं.

एकोणीस मार्चला साहेब गेले. विमान चार एप्रिलचं होतं.

जूनमध्ये वहिनी ठाण्याला भावाकडे कायमच्या निघाल्या. सामान खाली न्यायला मी गेलो होतो. टॅक्सीची वाट बघता बघता त्या म्हणाल्या, "परेश, रोज वाटायचं, सांगून टाकावं. त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून एकदा मनसोक्त रडून घ्यावं. पण तयारीत इतके रमले होते, धीरच झाला नाही. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, हेच एक समाधान. नाही ना रे कळलं?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. टॅक्सी समोर येऊन उभी राहिली.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "नाही कळलं."