विहीणबाईंची कमाई

ती परदेशी बाई गळ्यात अकॉर्डियन अडकवून आमच्या पोलीस ठाण्यात शिरली, तो दिवस निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही.

सकाळी नारायण पेठेतल्या एका आजोबांचा फोन आला होता. "अहो, एक गोरी बाई रस्ता अडवून वाजवत बसलीय. पुढ्यात वाद्याची पेटी उघडी ठेवलीय. कालही होती. आपल्याला सवड झाली तर या." असा टोमणा ऐकला की मी निमूट गाडी काढायला लावत असे.

बाई साठीच्या. पासपोर्ट पाहिला, तर पर्यटक व्हिसा. त्यावर इथे कमाई करता येत नाही. तसे आढळले की परदेशी नागरिक नोंदणी विभागाला अहवाल जातो आणि माणसाची परत पाठवणी होऊ शकते. मी इंग्रजीत विचारले, "पैशांसाठी वाजवत होता?"

"हो. माझ्या देशात मी हेच करते."

इतका सरळ कबुलीजबाब! सराईत चोरांनी माझी अर्धी नोकरी खाल्ली, आणि ही बाई पहिल्याच प्रश्नाला स्वतःला अडकवून मोकळी. तिच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगी पुण्याजवळच्या मांजरी गावात एका शेतकरी घरात दिलेली, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. "बाळ होईपर्यंत तरी मला पाठवू नका," एवढेच ती म्हणत राहिली. पैसे कशाला हवे होते, ते काही केल्या सांगेना.

रीतसर पंचनाम्यासाठी पेटी उघडली आणि आतला ऐवज लिहून घेऊ लागलो. तीन नारळ, केळ्यांची फणी, जास्वंदीची फुले, खडीसाखरेची पुडी. पैसा एकही नाही.

मुलीच्या सासूबाईंना बोलावून घेतले. त्या मांजरीहून धावतपळत आल्या आणि सगळे ऐकून मटकन बाकावर बसल्या. "अगं बाई! साहेब, चूक माझी हाय. मी आपलं थट्टेनं म्हणले, पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं आस्तंय. पोरानं जसंच्या तसं हिला सांगितलं. आन् ही येडी बाई कमवायला निघाली! आमच्या घरात काय कमी हाय का?" त्यांनी उठून विहीणबाईंना पोटाशी धरले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण रडायला ती लागत नाही. आमची महिला शिपाईही डोळे पुसत होती. मी फाइलमध्ये डोके घातले.

राहता राहिला जबाब. तक्रारदार आजोबांना विचारले, "पेटीत पैसे टाकताना कुणाला पाहिलंत?"

"वाद्याच्या पेटीत पैसे टाकायचे? अहो, वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतो आपण! मी नारळ ठेवला. माझं बघून बाकीच्यांनीही ठेवलं."

"मग तक्रार का केलीत?"

"तक्रार रस्त्याची होती. वाजवते उत्तम. ते आपण विचारलं नाहीत."

मी अहवाल लिहिला: 'आर्थिक मोबदला घेतल्याचे आढळून आले नाही. समज देऊन सोडण्यात आले.' बाईंना बजावले, की पुन्हा रस्त्यावर वाजवायचे नाही. नारळही पंचनाम्याप्रमाणे परत केले. वरिष्ठांनी अहवाल वाचला, माझ्याकडे रोखून पाहिले आणि सही केली.

तोवर चौकशीत मी नेहमी 'काय केलं' हेच आधी विचारत असे. त्या दिवसानंतर 'कुणासाठी केलं' हेही विचारू लागलो. त्याने गुन्हा पुसला जात नाही, पण समोरचा माणूस नीट दिसतो.

मुलगी झाली. बारशाला आमंत्रण आले, म्हणून साध्या कपड्यांत मांजरीला गेलो. पाळण्याशेजारी आजी अकॉर्डियन वाजवत होती. सासूबाई प्रत्येकाला नारळाची वडी देत अभिमानाने सांगत होत्या, "बाळाच्या आजोळच्या आजीची कमाई हाय ही!"

माझ्यापाशी आल्यावर त्यांनी जीभ चावली. मी हात पुढे केला, दोन वड्या उचलल्या आणि पुरावा तिथेच खाऊन टाकला.